बाबांच्या रेडिओसाठी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दादाचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतोय. वृद्धाश्रमात जागा मिळाली म्हणे! "बाबा बोलत नाहीत, कुणाकडे बघत नाहीत. त्यांना इथे काय नि तिथे काय!" मी म्हटलं, बोलले तर? "बोलले तर राहू दे तुझ्याकडे." शब्द दिलाय त्याने. पाच दिवस आहेत हातात.

मीडियम वेव्हचं केंद्र बंद पडलं, तेव्हापासून बाबांनी तोंड मिटलं. चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, आता स्वतःच्या रेडिओपुढे बसून दिवसभर नुसती खरखर ऐकतात. पाच महिने! केंद्र नाही ना, मग मी काढते. घरापुरतं.

१३ नोव्हेंबर
बाबांच्या ट्रंकेत जुन्या रेडिओचे दोन चांगले काचेचे व्हॉल्व्ह निघाले, ट्रान्सफॉर्मरही. जोडणीचा नकाशा त्यांच्याच वहीतला. एक व्हॉल्व्ह लहरी काढणार, दुसरा त्यांवर आवाज चढवणार. रजा टाकली. साहेब म्हणाले, "घरी कोण आजारी?" म्हटलं, रेडिओ.

१४ नोव्हेंबर
मेले असते आज! प्लग काढला होता, तरी कंडेन्सरमध्ये साठलेल्या विजेने धरलंच. कोपरापर्यंत झिणझिण्या. लहानपणी बाबांनी शंभरदा बजावलंय — आधी कंडेन्सर रिकामा कर, मग हात घाल. ओरडले मी, तरी त्यांनी मान वळवली नाही. झटक्यापेक्षा तेच लागलं.

१५ नोव्हेंबर
काही नाही. बाबांच्या रेडिओची सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. खरखर.

दुपारी कॉइलचे वेढे मोजले. नव्वद हवेत, ऐंशीच! घाईत दहा वेढे गिळले होते. सगळी उकलून परत गुंडाळली. बोटं सोलली.

१६ नोव्हेंबर, शनिवार
लागलं!! माझ्या खोलीतलं गाणं बाबांच्या खोलीत, त्यांच्याच रेडिओवर! एरियल मुद्दाम हातभरच ठेवली — फाटकापाशी दुसरा रेडिओ नेऊन पाहिलं, तिथे आवाज पोचत नाही. परवाना नाही, उगाच विकतचं दुखणं नको.

बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. मी माईकवरून म्हटलं, "बाबा, मी बोलतेय, ऐकू येतंय?" ते रेडिओकडे वळले. ओठ हलले, शब्द नाही. उद्या बोलतील. बोलायलाच हवं.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून माईकपाशी बसून होते. "बाबा, एक शब्द बोला." दहादा. काही नाही. तेवढ्यात दादा आला, थेट माझ्या खोलीतच. टेबलावरचा पसारा बघून हसला. "हे काय खूळ?" मग जुंपली आमची. तो म्हणाला, "तुझी ओढाताण दिसत नाही का मला?" आणि मी — उचलली जीभ लावली टाळ्याला! "थकले रे मी! त्यांना उठवा, पुसा, भरवा, आणि बदल्यात एक शब्द नाही. कधी कधी वाटतं, घेऊन जा एकदाचं!"

दादा खाटेवर बसला. मग हळूच म्हणाला, "उद्या सकाळी निघू." मी नाही म्हटलं नाही. लाज वाटते लिहायला, पण क्षणभर हलकं वाटलं.

१८ नोव्हेंबर
चहा घेऊन गेले. बाबा बोलले!

"माईक बंद करायचा राहिला होता तुझा. जोडणी छान केलीस. शब्दन् शब्द ऐकू आला."

आणि मग — "पिशवी भर माझी, पोरी."