लुजैनला ‘या’ म्हणू नये

आदरणीय विहीणबाई हाज्जा इनायात यांना बहगतचा अलेक्झांड्रियाहून सलाम. तुमचा गुडघा, तुमची साखर आणि तुमची गच्चीवरची कबुतरं, तिघांचीही खुशाली कळवावी. माझं बरं चाललंय. हल्ली कानाला जरा कमी ऐकू येतं, पण घरात बोलणारं कोणी नसल्यामुळे त्याची अडचण होत नाही. (फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य पूर्ण करू देत नाही, आणि आज मला बरंच सांगायचं आहे.)

तुमची लेक सफा लग्नाचं कापड घ्यायला इथे आली आणि लुजैनला एका दिवसासाठी माझ्याकडे सोडून गेली, याबद्दल आभार. माझी दालिया आणि तुमचा तामर नोकरीसाठी सौदीत दम्मामला गेल्यापासून दोन वर्षं आपली नात झगाझीगला तुमच्याकडे वाढते आहे. आता महिनाअखेरीस ते तिला कायमची घेऊन जातील. या सगळ्यात माझ्या वाट्याला हा एक शुक्रवार आला. तक्रार नाही, वाटणी झाली ती झाली. सोबत तुम्ही यादीही पाठवली होती: रस्त्यावरचं काही खाऊ घालू नये, समुद्रात पाय बुडवू देऊ नयेत, परक्या माणसाजवळ जाऊ देऊ नये, आणि तुटपुंज्या पेन्शनीत उगाच खर्च करू नये. यातलं शेवटचं कलम मी तंतोतंत पाळलं, हे आधीच सांगून ठेवतो.

बेत माझा चोख होता. छत्तीस वर्षं ट्राममध्ये लोकांची तिकिटं तपासल्यामुळे मला पास आहे, अडीच वर्षांच्या मुलीला तिकीट लागत नाही, आणि किनाऱ्याच्या एका तुकड्याला अजून कोणी फाटक बसवून पैसे घ्यायला सुरुवात केलेली नाही. डब्यात दोन उकडलेली अंडी, चीज आणि काकडी. (काकडी सोललेली. तुमच्या यादीच्या समासात तेही होतं.) ट्राममध्ये समोर एक धष्टपुष्ट बाई बसली होती. तिनं पावात भरलेले तिळाचे गरम वडे काढले आणि रीतीप्रमाणे आमच्याकडे बघून म्हणाली, “या, घास घ्या.” मी रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवला, “सुखानं खा बाई” म्हणालो आणि खिडकीबाहेर बघू लागलो. खाणाऱ्यानं बोलवायचं आणि बघणाऱ्यानं जायचं नाही, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, असा माझा आजवरचा समज होता. खिडकीतून नजर काढली तेव्हा लुजैन त्या बाईच्या मांडीवर बसून अर्धा पाव संपवत होती. बाईच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते सावरून धरलेलं होतं. मी आमची अंडी पुढे केली. तिनं छातीवर हात ठेवला. निदान तिला तरी रीत ठाऊक होती.

त्यानंतर किनाऱ्याच्या कठड्यावर आठ जणांचं एक कुटुंब द्राक्षाच्या पानांचे भात भरलेले रोल खात बसलं होतं. आम्ही दिसताच आठही तोंडांनी “या, या” झालं. शुक्रवारी किनाऱ्यावर असं पन्नास ठिकाणी होतं आणि लोक न थांबता पुढे जातात. लुजैन थांबली, सपाता काढल्या आणि आजी व जावई यांच्यामधल्या जागेत बसली. (सपाता काढून बसायला तुम्हीच शिकवलं असणार. वळण चांगलं आहे, मी फक्त परिणाम सांगतोय.) मी उभ्यानंच माफी मागत होतो, तर त्यांची आजी म्हणाली, “अहो, लेकरू बसलंय आणि तुम्ही काय पोलिसासारखे उभे?” बसलो. सहा रोल खाल्ले. मी मोजले नव्हते, त्यांच्या जावयानं मोजले.

खरा अनर्थ अनफूशीच्या होड्यांपाशी झाला. नुसत्या तोंडदेखल्या बोलावण्याला आपण नावाड्याचं आमंत्रण का म्हणतो, हे तुम्हाला सांगायला नको: होडीतला माणूस काठावरच्याला निर्धास्तपणे बोलावतो, कारण मध्ये पाणी असतं. तर मितवल्ली नावाचा एक म्हातारा नावाडी दहा हात आत नांगरलेल्या होडीत तळलेले मासे खात बसला होता. आम्हाला बघून त्यानं हात उंच केला, “या हो, मासे गरम आहेत.” मी छातीवर हात ठेवेपर्यंत लुजैन गुडघाभर पाण्यात होती. मी तिच्या मागे गेलो तो बुटांसकट, आणि तिला उचलून मागे वळणार तर तिनं असा भोंगा पसरला की आसपासच्या चार होड्यांमधून विचारणा झाली. शेवटी पुढे जाणंच जवळ पडलं. आम्ही होडीत चढलो. मितवल्लीनं सगळ्यात मोठा मासा काटे काढून लुजैनच्या पुढ्यात ठेवला.

“काका,” तो म्हणाला, “चाळीस वर्षं बोलावतोय. आजवर कोणी आलंच नव्हतं.”

त्याला आनंद झाला होता, विहीणबाई. मलाही झाला. कितीतरी दिवसांत मी कोणाच्या ताटात हात घालून जेवलो नव्हतो. पण ते असो. सारांश असा, की तुमच्या यादीतली तीन कलमं मोडली, माझे बूट गच्चीवर वाळत आहेत, डबा भरलेला परत आला आणि खर्च शून्य झाला. या मुलीला सांभाळणं माझ्या आवाक्यातलं नाही हे मी प्रांजळपणे कबूल करतो. सफाला आणि सगळ्यांना सलाम.

तुमचा व्याही,
बहगत

ता. क. सफा हे पत्र घेऊन येईल ती एकटीच येईल. घाबरू नये. पोरीला जरा कणकण आहे असं मी सफाला सांगितलं आहे. ती विश्वास ठेवणारी मुलगी आहे, तिला रागावू नका. लुजैनला काहीही झालेलं नाही.

ता. क. काल दुपारी ती माझ्या खाटेवर आडवी झोपली आणि मी कडेला चार बोटं जागेत बसून राहिलो. सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा तिला उठवायला माझा हात होईना. आई-बापाकडे जायलाच हवं, मान्य आहे. पण एक शुक्रवार पुरत नाही हो.

ता. क. पोरांचं लग्न झाल्यापासून तुम्ही प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणता, “या की राहायला, घर तुमचंच आहे.” मी “अल्ला तुमचं घर भरलेलं ठेवो” म्हणतो आणि फोन ठेवतो. या खेपेला येतो आहे. गुरुवारी, बेन्हाला गाडी बदलून, लुजैनला घेऊन, आणि ती दम्मामला जाईपर्यंत राहीन. तुमच्या शर्किया प्रांतातल्या लोकांनी एकदा स्टेशनात थांबलेल्या अख्ख्या आगगाडीला जेवायला बोलावलं होतं, असं सगळा देश सांगतो. आम्ही दोघंच आहोत. मी कमी जेवतो.