भाजलेली भुलाबाई

माय, वाचनालयातलं प्रदर्शन सोमवारी उघडणार आहे आणि माझ्या हातून अजून काहीच झालेलं नाही. शाळा सुटली की ओसरीवर मातीचा गोळा घेऊन बसते, कपाळ काढते, नाक काढते, आणि दिवेलागणीच्या आत सगळं दाबून पुन्हा गोळा करून ठेवते. नवे चिटणीस भले गृहस्थ आहेत. गावातल्या कारागिरांच्या वस्तू पुन्हा एकदा मांडायच्या म्हणून घरोघर फिरले. माझ्या दारात येऊन म्हणाले, तुमच्या आईच्या हातचं काही असेल तर द्या, नाहीतर तिच्या आठवणीसाठी तुम्हीच काही करा, तिचा मुखवटा केलात तर फारच उत्तम. हातचं काय असणार? तुझे पोळ्याचे बैल पोरांनी कधीच मोडले. जे एक टिकावं म्हणून केलं होतंस, ते कसं गेलं हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तरी मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसले, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

ज्या वर्षी ताई गेली, त्या वर्षाचं हे सगळं. सुलतानपूरला दिलेली ताई पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. भर पावसाळ्यातले दिवस, नाल्याला पूर. निरोप आपल्या घरी पोचला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. तुला तिचं तोंड पाहायला मिळालं नाही. तू रडली नाहीस. बा चाकावर माठ घडवत राहिला आणि भादवा लागला तशी तू नेहमीसारखी गावातल्या पोरींसाठी भुलाबाया करायला बसलीस. एरवी तुझी भुलाबाई कच्च्या मातीची. महिनाभर माहेरपण करून, पोरींची गाणी ऐकून, कोजागरीनंतर पैनगंगेत गेली की बघता बघता विरघळायची. मग तू हात धुऊन म्हणायचीस, पोचली सासरी. पण त्या वर्षी तू एक भुलाबाई सगळ्यांपासून बाजूला केलीस. तिची एक भुवई जरा वर, हनुवटीला खळी, वरचा ओठ किंचित उचललेला. ताईच ती. जोडीला तिचा नवरा भुलोजीही केला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, माहेराले एकटीच येते बाई. आणि मग ती भाजायला माठांच्या मधोमध आव्यात ठेवलीस. बा चाक सोडून उठला. आपल्या घरात कोणी अशी चूक करील हे त्याला खरंच वाटेना.

"देव कोनी भाजते काय?" तो म्हणाला.

"देव नाही तो. माही पोरगी हाय."

बा पुन्हा चाकाशी जाऊन बसला. आवा उघडला तेव्हा ती तांबूस, खणखणीत निघाली, कुठे तडा नाही. त्याच आठवड्यात तेव्हाचे चिटणीस, ते वकीलसाहेब, वाचनालयासाठी माठ घ्यायला आपल्या अंगणात आले आणि तिच्यापाशी थांबून राहिले. डेप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर येणार, गावातल्या कलावंतांचं प्रदर्शन त्यांना दाखवायचं, ही मूर्ती हवीच, असं त्यांचं चाललं होतं. तुला त्या साहेबाशी काय घेणं. तू एकच विचारलंस, तिथं ठेवलेली वस्तू नंतर बुडवावी तर लागत नाही? वकीलसाहेब हसले. प्रदर्शनातली वस्तू कोण बुडवतं, कायमची काचेच्या कपाटात राहील, म्हणाले. तुझ्या तोंडावर त्या वेळी जे उमटलं असेल ते बघायचं सोडून मी अंगणातल्या कोंबड्या हाकलत होते.

तू तिला पदरात गुंडाळून नेलंस. वाचनालयात आपण दोघी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. काठ्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं, लांबच लांब मेजं, आणि भिंतीलगत मांडलेल्या वस्तू: सुताराचा लाकडी बैल, धनगराची घोंगडी, वकिलीणबाईंचा लोकरीचा पोपट. तहसिलीतल्या कारकुनानं लोणारच्या सरोवराचं चित्र काढलं होतं, त्यातलं पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवंगार. मी फिदीफिदी हसले तर तूही हसलीस. त्यानंतर रोज संध्याकाळी तू तिथे जाऊन काचेपुढे उभी राहायचीस आणि घरी येऊन पोटभर जेवायचीस. एकदा मला पुढ्यात बसवून माझी वेणीही घातलीस. मला वाटलं, आपलं घर पुन्हा उभं राहतंय.

मग बायकांचा दिवस आला. वकिलीणबाईंनी बायकांना जवळून पाहता यावं म्हणून कपाटं उघडून ठेवली. बाजाराला आलेली ताईची सासू आत डोकावली, भुलाबाईसमोर आली आणि मट्कन खालीच बसली. तिनं पिशवीतून करंडा काढला, भुलाबाईला हळदकुंकू लावलं, बाजारात घेतलेला खण पुढे ठेवला, मूठभर गव्हानं तिची ओटी भरली. एकीनं केलं म्हटल्यावर बाकीच्या थोड्याच थांबतात? भुलाबाईचेच दिवस ते. बघता बघता फुलं पडली, पोरींनी फेर धरला, वाचनालयात गाणी सुरू झाली. तू आलीस तेव्हा तिचं कपाळ लालभडक झालं होतं. ताईची सासू तुझे हात धरून म्हणाली, "तिची ओटी भराची राहून गेली होती, ईनबाई. घाईत नेलं तिले." मला अजून वाटतं, तू त्या दिवशी ओरडायला हवं होतंस, तिच्या झिंज्या उपटायला हव्या होत्या.

पूजा झाली म्हणजे ठेवता येत नाही, बुडवावीच लागते, हे सांगायला तुला कोणी लागलं नाही. वकीलसाहेबांना मात्र काही कळेना. त्यांनी शिपायाकडून ओलं फडकं मागवलं आणि म्हणाले, एवढंच ना, पुसून टाका, झालं मोकळं.

तू फडक्याकडे पाहिलंस. "सवाष्ण गेली ते. तिचं कुंकू पुसू म्हन्ता मले?"

कोजागरी झाली आणि तू तिला नदीवर नेलंस. मी मागे होते. कमरेइतक्या पाण्यात जाऊन तू तिला सोडलंस आणि खाली पाहत राहिलीस. भाजलेली माती कशी विरघळावी? पाणी निवळ होतं, ती तळाशी तशीच बसलेली दिसत होती. बायका घरी गेल्या, उन्हं कलली, तू हलेनास. काठावर माझे पाय गारठले होते. शेवटी तू म्हणालीस, "नाही पोचली वं ते."

तिथून पुढे माझी माय नदीचीच झाली. पुरात वाळू सरकली आणि भुलाबाई कुठे गेली ते कळलं नाही. उन्हाळ्यात पैनगंगेची धार तुटून नुसते डोह उरले की तू वाकून वाळू उपसायचीस, दरवर्षी, सापडली तर फोडून, कुटून, पुन्हा माती करून सोडीन म्हणायचीस. लोक वेडी म्हणत. मी भाकरी घेऊन यायचे, तू न वळता म्हणायचीस, ठेव तिथं. मराठी सातवी पास झाले तेव्हा शाळेतून धावत नदीवर आले. धापा टाकत सांगितलं. तू वाळूत हात घालून म्हणालीस, हाव. एवढंच. तू गेलीस तेव्हा मी अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते, आणि मी पोचले तोवर इकडेही सगळं आटोपलं होतं.

मी जिवंत होते, माय. तुझ्या पाठीमागे चार हातांवर उभी होते. हे तुला तेव्हा ओरडून सांगायचं होतं, ते आता या कागदावर सांगतेय, जो कुठल्या टपालात पडायचा नाही. आणि माझी बोटंही तुझ्यासारखीच निघाली. कुठूनही सुरुवात केली तरी भुवई वर जाते, ओठ उचलला जातो. काल शेजारची म्हातारी ओसरीवर टेकली, म्हणाली, अगदी हुबेहूब तुमची ताई. ती जाईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मग त्या चेहऱ्यावर दोन्ही तळवे दाबले. मला ताई नको आहे. मला तू हवी आहेस, त्या काचेत, गावानं येऊन पाहावी अशी, आणि मी रोज संध्याकाळी पुढे जाऊन उभी राहीन अशी. कुंकवाचा करंडा घेऊन कोणी जवळ आलं तर मी हात धरीन तिचा.

पण व्हायचं नाही ते. उद्या चिटणिसांना सांगेन की यंदा नदीची माती चांगली निघाली नाही. ते मान डोलावतील, भला माणूस. खरं त्यांना कसं सांगू? वाळूवर वाकलेली तुझी पाठ मी हजार बायकांत ओळखीन. तुझा चेहरा मला आठवत नाही, माय.