ओल्या रोगणाची कोडी

नागपूर, बुधवार, संध्याकाळ

आज शाळेचे गुरुजी आम्ही बनवलेल्या लाकडी कोड्यांची पेटी परत घेऊन आले. रोगण ओलं राहिल्यानं हत्तीच्या कोड्याचे तुकडे चिकटले होते, मुलांना सुटेनात. मी पटकन म्हणालो, "बहिणीनं भरली पेटी. तिले समजत नाही."

गंगू तिथंच उभी होती. तिनं पेटी उचलून आत नेली.

परवा तीच म्हणाली होती, "वाळू दे ना दादा, घाई काहून करून राहिला?" न ऐकता पेटी मीच भरली. मग तिचं नाव का घेतलं? आणि ती गप्प का राहिली?

आत्ता ती सुरीनं तुकडे सोडवते आहे. चुकलो म्हणालो, तर म्हणाली, "मले नको सांगू. गुरुजीले सांग."

गुरुजींचं घर समोरच्याच गल्लीत आहे. मी अजून लिहीतच बसलो आहे.