होडीच्या तळाचा व्हॉल्व्ह

बाबा,

तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. मी झरीच्या शाळेत शिकवायला जातेय. चहा थर्मासात आहे.

होडीतल्या सिंकचा पाइप तुम्ही तळाच्या भोकाला सरळच जोडलाय, मध्ये पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह नाही. पाइप निसटला की होडी बुडालीच. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "डहाणूत मिळतच नाही गं, चालेल तसंच." काल हार्डवेअरच्या दुकानातला मनिष म्हणाला, "काका तर व्हॉल्व्ह दिवाळीआधीच घेऊन गेले!" तो कपाटात तुमच्या जुन्या युनिफॉर्मखाली सापडला, पिशवीसुद्धा न उघडलेली.

रेल्वेत जन्मभर पाइप जोडत आलेला माणूस व्हॉल्व्ह बसवायला विसरत नाही. आई गेल्यापासून "होडी घेऊन एकटाच समुद्रात लांब जाऊन येतो" म्हणताय, तेही मला पटत नव्हतं.

मी काही विचारत नाही. काल संध्याकाळी नरपडच्या किनाऱ्यावर होडीपाशी जाऊन पाइप काढला आणि भोकात लाकडी खुंटी ठोकली. व्हॉल्व्ह टेबलावर ठेवलाय. आज तो नीट बसवा, पाइपाला स्टीलचे क्लॅम्प लावा.

रविवारी होडी पाण्यात घालाल तेव्हा मीही बसणार आहे. मला पोहता येत नाही, ठाऊक आहे ना?

सोनल