पायरी नसलेलं घर

१ मार्च, रविवार, सकाळ
घर घ्यायचं ठरलं. ठरवलं टिनेकेने, पण शोधणार मी. तिचे गुडघे कामातून गेलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा जिना ती हल्ली एकेक पायरी बसत उतरते. सप्टेंबरात ऑपरेशन. त्याआधी तळमजल्यावर झोपायची खोली असलेलं घर हवं, एवढीच बायकोची मागणी.
पैसे तिच्या आईचा फ्लॅट विकून आलेले. दुसरे नाहीत, आणि या वयात येणारही नाहीत. म्हणजे चूक करून चालणार नाही. ती होणारही नाही. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात अख्ख्या हार्लेमची नजर तपासतोय. माझ्या नजरेतून काय सुटणार?

दुपार
रूलोफचा फोन. टिनेकेचा भाऊ. आमर्सफोर्टला बांधकामाची कंत्राटं घेतो. म्हणाला, अरे हार्मेन, घर पसंत पडलं की फक्त पत्ता कळव, मी येऊन पाया बघून जातो, तुझ्याकडून एक कप कॉफी घेईन, बास.
कॉफी घेईल! आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक वाढदिवसाला, सगळे खुर्च्या गोलाकार मांडून केक खात बसले की सांगेल, हार्मेनला घर मी बघून दिलं. म्हणालो, कळवतो. कळवणार नाही.

४ मार्च, बुधवार
खरेदी: पाणसळ, टॉर्च, काचेची एक गोटी. ओलावा मोजायचं यंत्रही आणलं होतं, पण ते आमच्या बाथरूममध्येसुद्धा 'कोरडे' दाखवतं. परत केलं.
दोन संध्याकाळी बसून अभ्यास पुरा. प्लास्टरवर केसाएवढी रेघ असेल तर किरकोळ. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत जाणारी भेग असेल तर पाया खचतोय. गोटी घरंगळली तर जमीन उतरती. संपलं. एवढ्यासाठी लोक तपासनिसाला पैसे मोजतात!

७ मार्च, शनिवार
दोन घरं पाहिली. प्रत्येकी पंधरा मिनिटं, दाराबाहेर पुढच्या जोडप्यांची रांग.
पहिल्या घरात गोटी ठेवली. घरंगळली, कपाटाखाली गेली. ती काढायला मी आडवा झालो तेव्हा आमची पंधरा मिनिटं संपली. घर बाद.
दुसरं घर टिनेकेला आवडलं. मागच्या बागेतल्या बाकावर बसली ती उठेचना. म्हणाली, हार्मेन, इथून मला स्वयंपाकघरातली किटली वाजलेली ऐकू येईल. किटली! मला खिडकीच्या वर भेग सापडली होती. मी ती एजंटला, रांगेतल्या जोडप्यांना आणि घरमालकाच्या सासूला टॉर्च मारून दाखवली. टिनेके म्हणाली, केसाएवढी तर आहे, तूच म्हणालास ना केसाएवढी असली तर किरकोळ. म्हटलं, हा केस जाड आहे. बाद.
घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. गुडघे दुखत असतील.

१४ मार्च, शनिवार
सापडलं! वेव्हरस्त्राट, एकवीस नंबर. सहा घरांची जुनी ओळ, त्यातलं हे चौथं. आत पाऊल टाकलं आणि समजलं, इथे खोट काढायला जागा नाही. भिंतींना ताजं प्लास्टर, टाचणीएवढा डाग नाही. जमीन नुकतीच नवीन केलेली. गोटी खोलीच्या मधोमध ठेवली, हलली नाही. पाणसळीचा बुडबुडा अगदी मध्यावर. दारं खालून चौकटीबरहुकूम तिरपी तासलेली, म्हणजे सुताराने प्रत्येक दार मापाने बसवलेलं. अशी कारागिरी आता कोण करतं?
आणि सर्वांत मोठी गोष्ट: दाराला पायरी नाही. उंबरा रस्त्याच्या पातळीला. रस्त्यावरून थेट आत. टिनेकेच्या गुडघ्यांसाठी देवानेच बांधलंय म्हणा!
टिनेके बाहेर थांबून ओळीकडे बघत होती. म्हणाली, हार्मेन, टोकाच्या घराला दोन पायऱ्या आहेत, त्याच्या शेजारच्याला एक, आणि आपल्याला एकही नाही, असं का रे? म्हटलं, ज्याची त्याची आवड.

१७ मार्च, मंगळवार
एजंटचा फोन. फेन्ना नावाची तरतरीत मुलगी आहे. म्हणाली, खूप लोक मागे लागलेत, शुक्रवारी बारापर्यंत बंद पाकिटात किंमत द्या, आणि बघा हं, अटी जितक्या कमी तितकं मालकांना बरं वाटेल. म्हणजे, तपासनीस आणून पाया बघून मग नक्की करू, ही अट.
टिनेके म्हणाली, तेवढी एक अट राहू दे ना. निदान रूलोफला तरी बोलावू, तो उद्या मोकळा आहे. मी विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास आहे की रूलोफवर? ती बराच वेळ कपातली कॉफी ढवळत राहिली. साखर घेत नाही ती.

२० मार्च, शुक्रवार
पाकीट दिलं. मागितलेल्या किमतीच्या बरंच वर. अट खोडली. दोन रेघा मारून खोडली, म्हणजे माणूस ठाम आहे हे कळतं.

२१ मार्च, शनिवार
मिळालं!!

२४ मार्च, मंगळवार
एजंटच्या ऑफिसात सही केली. एकट्याच्या नावावर. टिनेकेला तिथे कशाला जिने चढायला लावायचे? कागदाची प्रत हातात मिळाली, म्हणजे उद्यापासून कायद्याने तीन दिवस. शुक्रवारपर्यंत कारण न देता माघार घेता येते, दंड नाही. भित्र्या लोकांसाठी चांगली सोय आहे.

२५ मार्च, बुधवार
दुकानात सगळ्यांना सफरचंदाचा केक दिला. सर्वांनी हात मिळवून अभिनंदन केलं.
घरी आलो तर टिनेके कोटसुद्धा न काढता बसलेली. एकटीच बसने वेव्हरस्त्राटला गेली होती. तेवीस नंबरच्या मीनबाईंनी आत बोलावलं, कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला, आणि मग सांगितलं. या सहाही घरांखाली लाकडाचे खांब. खांब पाण्यात असले की शंभर वर्षं टिकतात, पण जमिनीतलं पाणी खाली गेलंय आणि लाकूड वरून कुजतंय. सहा घरं एकमेकांना चिकटलेली, तेव्हा पाया बदलायचा तर सहांनी मिळून. पाच जण सह्या करायला तयार. एकवीसवाल्याने नकार दिला, प्लास्टर करून घेतलं, जमीन सपाट करून घेतली आणि घर विकायला काढलं. मीनबाई म्हणाल्या, बाई गं, तुमच्या दाराला पायरी नव्हती असं नाही. होत्या की दोन. त्या खाली गेल्या.
मी टिनेकेला समजावलं. म्हाताऱ्या बायकांना दुसरा उद्योग नसतो. आणि ज्या बाई एकच बिस्किट देतात, त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा?
मग ती जे म्हणाली ते लिहून ठेवतो, कारण ती इतकं सलग बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. म्हणाली, हार्मेन, तू चुकलास असं मी म्हणणार नाही. आज नाही, कधीच नाही. रूलोफला हे घर होतं हेसुद्धा कळणार नाही. फक्त एक ई-मेल पाठव. मला नाही जमत रे आता पुन्हा सगळं उभं करायला.
म्हटलं, बघतो.

२६ मार्च, गुरुवार
ई-मेल लिहायला घेतला. कारण द्यावं लागत नाही हे खरं, पण कारण न देता माघार घेतली तर त्या फेन्नाला वाटेल माणसाला काही कळत नव्हतं. म्हणून थोडी पार्श्वभूमी लिहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन पानं झाली आणि त्यातून सिद्ध होत होतं की घर उत्तम आहे. आता उत्तम घरातून माघार कशी घ्यायची?
दुपारी गिऱ्हाईक आलं. त्या बागेच्या बाकवाल्या घराच्या रांगेतला माणूस! मला ओळखलं. म्हणाला, टॉर्चवाले तुम्हीच ना? आम्हीच घेतलं ते घर. तपासनीस येऊन गेला, म्हणाला गल्लीत सर्वांत भक्कम हेच. ती भेग नुसती प्लास्टरची, म्हणे. बायको तर बाकावरून उठतच नाही.
त्याचा डावा डोळा बराच कमजोर निघाला.

२७ मार्च, शुक्रवार
शेवटचा दिवस. दुकानातून लवकर निघून वेव्हरस्त्राटला गेलो. एकवीसच्या समोर उभा राहून ओळीकडे एक डोळा मिटून पाहिलं. छपराची रेघ मध्ये खाली आलेली वाटली. दुसरा डोळा मिटून पाहिलं. तरी खाली. मग लक्षात आलं, फरसबंदीच उतरती आहे आणि मीच वाकडा उभा आहे.
घरी आलो. टिनेकेने वाटाण्याचं सूप केलं होतं, माझ्या आवडीचं, एरवी फक्त कडाक्याच्या थंडीत करतात ते, मार्च संपत आलेला असताना. माझ्यासमोर लॅपटॉप आणून ठेवला. आणि शेजारी बसली, हात मांडीवर.
तेवढ्यात रूलोफचा फोन. काय मग, गोट्या खेळून झाल्या का, म्हणाला, का अजून चालूच आहेत? आणि स्वतःच हसला.
गोटीचं याला कोणी सांगितलं? एकाच व्यक्तीला माहीत होतं. मी लॅपटॉप बंद केला. रूलोफला म्हणालो, घर घेतलं, सही झाली, पाया एकदम पक्का.
टिनेके उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

२८ मार्च, शनिवार
मुदत संपली. आता माघार घ्यायची तर किमतीच्या दहा टक्के दंड. म्हणजे विषय मिटला. ठाम निर्णयानंतर हलकं वाटतं असं म्हणतात. तसं वाटेल.

२ जून, मंगळवार
किल्ल्या मिळाल्या. फेन्नाने फुलं दिली. सहज बोलून गेली की बिनअटीचं पाकीट आमचं एकच आलं होतं. बाकीच्या सगळ्यांनी पाया बघायची अट घातली होती, म्हणून मालकांनी घेतलीच नाहीत.
म्हणजे इतक्या लोकांत पारख असलेला मी एकटा. टिनेकेला हे सांगितलं. ती म्हणाली, हो हार्मेन, एकटाच.

१८ जुलै, शनिवार
झोपायच्या खोलीचं दार अडकायला लागलं. हवेतला दमटपणा. खालून तासलं. आपल्याला सुतारकाम येतं हे नव्यानेच कळलं.
दिवाणखान्याच्या भिंतीवर बारीक भेग. कोपऱ्यातून निघून टप्प्याटप्प्याने वर चढते. नवीन प्लास्टर वाळताना असं होतं. समोर कपाट सरकवलं.
शेजाऱ्यांची बैठक झाली. पाच जणांना आमची सही हवी. म्हटलं, अभ्यास करून सांगतो. मीनबाई म्हणाल्या, अहो, तुमच्या आधीचाही असंच म्हणायचा. टिनेकेने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागद पुढे ओढला, पण घर माझ्या एकट्याच्या नावावर, तिची सही चालत नाही. तिने पेन परत दिलं. शेवटी केली मीच. कर्ज काढावं लागेल. बँकेने विचारलंय, वय काय.

१० सप्टेंबर, गुरुवार
ऑपरेशन छान झालं. टिनेके विश्रांतीसाठी रूलोफकडे. त्याने तळमजल्यावरची खोली रिकामी करून दिली. आमर्सफोर्टला जमीन रेताड, खांबबिंब लागत नाहीत, असं तो फोनवर दोनदा म्हणाला. थोड्याच दिवसांचा प्रश्न. हिवाळ्याचा कोट, आईचा फोटो आणि शिवणयंत्र तिने नेलंय. थंडी कधी पडेल याचा हल्ली नेम नसतो.

६ ऑक्टोबर, मंगळवार
पाया तपासणारा आला. शेजाऱ्यांनी मिळून पाठवलेला. साठीचा, दणकट, नाव विचारायचं राहिलं. पुढच्या भिंतीलगत खड्डा खणला, आत उतरला. मी वर उभा. त्याने खांबात सळई खुपसली. वीतभर सरळ आत गेली, काही आवाज झाला नाही. मग हाताने लाकूड काढून मला दिलं. ओल्या पावासारखं होतं. बोटांत चुरलं.
वर येऊन हात पुसत म्हणाला, यंदाच्या वर्षी, या भावात, पाया न बघता हे कुणी घेतलं असेल हो? दारं बघा, उंबरा बघा. आंधळ्याच्यासुद्धा पायांना जाणवलं असतं. तुम्हीच का मालक?
मी म्हणालो, नाही. मी भाडेकरू.
कसं तोंडातून आलं कळलं नाही. पण त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी कॉफी केली. खड्ड्याच्या कडेला उभं राहून आम्ही दोघांनी मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या. तो म्हणाला, असली माणसं कुणाचं ऐकत नाहीत. मी म्हणालो, बायकोचंसुद्धा ऐकलं नाही. तो म्हणाला, बायको असेल अजून? मी म्हणालो, बाहेरगावी आहे. बऱ्याच महिन्यांत कुणाशी इतक्या गप्पा झाल्या नव्हत्या.
निघताना त्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुमचं बरं आहे बघा. तुम्हाला काय, बॅग भरायची आणि निघायचं.
मी हो म्हणालो, आणि त्याला गाडीपर्यंत सोडून आलो.