पाटी कुठे लावणार?

१९ सप्टेंबर, देवास

पोहे भिजवून निथळत ठेवले होते. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे आधी मोरीतलं पिंप, मग गच्चीवरची टाकी – हा क्रम. पाइप टाकीत सोडून खाली आले, कांदा चिरायला घेतला. हे बैठकीतून ओरडले, "पोह्यांवर घालायचं जीरावन कुठे आहे?" मी म्हटलं, "डोळ्यांसमोर तर आहे!" मग ताटली पडल्याचा आवाज. टाकी वाहत राहिली. जिन्यावरून पाणी आलं तेव्हा शेजाऱ्यांनी नळ बंद केला.

गेल्या नोव्हेंबरातली ती सकाळ. गल्लीच्या टोकाला ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथं नेलं. मेंदूत काय झालंय ते बघायचं मशीन त्यांच्याकडे नव्हतं. इंदौरला पाठवलं. तिथंच गेले.

तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो – देवासला मशीन असतं तर! माझा मुलगा मयुरेश म्हणतो. ह्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, धारहून फोनवर म्हणतात. मीही म्हणते. पोहे मात्र त्यानंतर केले नाहीत.

आज शिवाजीरावांचा फोन. ते ट्रस्टचे अध्यक्ष. बोलणं अजून दरबारातलं. धारचा वडिलोपार्जित प्लॉट विकून आलेले पैसे माझ्या खात्यात आहेत – निम्मे ह्यांच्या वाट्याचे, निम्मे अक्कांनी भावासाठी म्हणून दिलेले. त्यातून सीटी स्कॅन घ्यायचं. दारावर ह्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. "वहिनीसाहेब, वर्षश्राद्धाला अनावरण करू. आणि कृष्णाजीरावांची ट्रस्टमधली खुर्ची आता आपली."

हो म्हटलं. बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

२३ सप्टेंबर

ट्रस्टची सभा. मी एकटीच बाई – नाही, कोपऱ्यात मेधा होती. हॉस्पिटलची नवी मॅनेजर. मराठी बोलते, वाचता येत नाही, म्हणून कागद हिंदीत.

"सर, दोन्ही ऑप्शनचा कॉस्ट-बेनिफिट केलाय मैंने." एकीकडे सीटी स्कॅन. दुसरीकडे पाण्याचा प्लांट आणि एका टेक्निशियनचा पगार. शिवाजीरावांनी आपल्या आईच्या नावानं दोन डायलिसिस मशीन दिलीत, ती बंद पडून आहेत. त्यांना साधं पाणी चालत नाही, खास शुद्ध केलेलं लागतं. ते कुणी दिलंच नाही.

शिवाजीराव हसले. "मेधाबाई, देणगीदाराला काय दाखवणार? पाटी कुठे लावणार? पाइपाला?" सगळे हसले. मीही हसले.

मग दुसऱ्या पानावर नजर गेली. एक रकाना – "जीवन का एक वर्ष : मूल्य". डोकंच फिरलं! "माझ्या माणसाचा भाव काढलास का गं?" पोर पांढरीफटक. "काकू, भाव नाही..." शिवाजीराव म्हणाले, "राहू द्या वहिनीसाहेब, आपण त्यात पडायचं कारण नाही. आपण फक्त सही करा."

कागद घडी करून पिशवीत टाकला. पडू नको म्हटलं की मी पडतेच.

२७ सप्टेंबर

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं समाजाच्या वाचनालयातून आणि ह्यांच्या शब्दकोशातून. तरी हा कागद कळायला चार संध्याकाळी गेल्या.

खर्च म्हणजे दुकानातली किंमत नव्हे, असं मेधा म्हणते. खोली, वीज, दरवर्षीची दुरुस्ती, चित्र वाचणारा डॉक्टर – सगळं धरायचं. मग फायदा. आणि दोन्हीला एकच प्रश्न – घेतलं नाही तर काय होईल? हा प्रश्न मला आवडला. साडी घेतानाही विचारावा असा आहे.

सीटी घेतलं नाही तर पेशंट इंदौरला जाणार. घेतलं तरी त्यातले पुष्कळ इंदौरलाच जाणार, कारण पुढचा इलाज इथे नाही. पाणी घेतलं नाही तर डायलिसिसवाले दिवसाआड इंदौरला जाणार. जिवंत आहेत तोवर.

आणि तो रकाना! तो विकायचा भाव नाही. दोन गोष्टी सोबत घेता येत नसतील तर तोलायला दोन्हीकडे एकच माप हवं, एवढंच. प्रत्येकाच्या वर्षाचं मोल सारखं धरलंय. शिवाजीरावांचं आणि हातगाडीवाल्याचं एकच! ट्रस्टच्या कागदावर असं पहिल्यांदाच घडलं असेल.

खाली एक बारीक ओळ – "साथ आने वाले का दिन." पेशंटबरोबर जो नुसता बसून राहतो, त्याचा बुडालेला दिवसही खर्चात धरलाय.

इंदौरच्या त्या कॉरिडॉरमध्ये मी भिंतीला टेकून उभी होते, ते आठवलं. ते दिवस कुणी मोजले असतील असं वाटलं नव्हतं.

मेधाला फोन केला. "चिडले होते. वाचलं. चांगलं लिहिलंयस." पलीकडून, "काकू, तुम्ही पूरा पढ़ा? पूरा?"

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हॉस्पिटलात दरवर्षी आज यंत्रांची पूजा होते. एक्स-रे, लॅबची यंत्रं, जनरेटर, सगळ्यांना हार, हळदकुंकू. ताट माझ्या हातात कुणी दिलं नाही. न देवोत. हात मोकळे होते म्हणून डोळे चालले.

एक्स-रेच्या बटणावर गेल्या वर्षीचं काही नव्हतं. रोजच्या बोटांनी कधीच पुसलं गेलेलं. डायलिसिसच्या खोलीत मात्र दोन्ही मशीनवर सोनेरी अक्षरांत शिवाजीरावांच्या आईंचं नाव, वर नक्षीचं कापड, आणि चालू करायच्या बटणावर गेल्या खंडेनवमीचं कुंकू. वाळलेलं, जसंच्या तसं. नर्सनं त्यावरच नवं लावलं.

वर्षभरात एक बोट तिथं टेकलं नाही! आणि आपण त्याला हार घालतो.

माझं कुंकू पुसलं तेव्हा घर भरून माणसं रडली. इथलं पुसायला हवं होतं, तर कुणाला पत्ता नाही.

४ ऑक्टोबर

ज्या डॉक्टरांनी ह्यांना त्या दिवशी तपासलं, त्यांना गाठलं. सरळ विचारलं. "मशीन इथे असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "काकू, रक्तस्राव फार मोठा होता. स्कॅन इथे झालं असतं तरी ऑपरेशन इथे नव्हतं. पाठवलंच असतं. आणि तिथं पोचूनही... नाही."

"नक्की?"

"नक्की."

मी म्हटलं, बरं. घरी येऊन टाकीचा नळ सोडला आणि भरेपर्यंत शेजारी उभी राहिले.

५ ऑक्टोबर

मशीन असतं तरी.

९ ऑक्टोबर

मागच्या गल्लीतली कमल डायलिसिसला जाते. आज तिच्याबरोबर इंदौरला गेले. पहाटेच्या बसला. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. तो सोबत गेला की शाळेची पोरं दुसऱ्या व्हॅनला जातात, म्हणून बहुतेक वेळा ती एकटीच.

"काकी, म्हारो तो इंदौर ई पीयर हुई गयो," बसमध्ये म्हणाली. इंदौरच माहेर झालंय. "पण असो पीयर, चा बी नी पूछे!" तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, आणि ही माहेराला चहाबद्दल नावं ठेवते! दोघी इतक्या हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला.

येताना हसली नाही. खिडकीला डोकं लावून झोपली. मी तिची पिशवी मांडीवर धरून बसले. पिशवी धरायला कुणी असलं की माणूस झोपू शकतं.

आता मला काय करायचंय ते ठरलं.

१३ ऑक्टोबर, धार

अक्कांकडे. सांगायला हवंच होतं.

बैठकीत पाटावर एक मोठी शिळा, वर शेला पांघरलेला. अक्कांनी शेला काढला. संगमरवर. ह्यांचं नाव, खाली "सीटी स्कॅन विभाग". इथल्या कारागिराकडून आधीच कोरून घेतलेलं. रंग भरायचा राहिलाय. "रोज हात फिरवते," अक्का म्हणाल्या.

तरी सांगितलं – पैसे पाण्याला.

"पाण्याचा प्लांट? अगं, माझ्या भावाला पाइपात घालतेस?"

"अक्का, नावच नको म्हणते मी."

"वा! पैसा आमचा आणि नाव झळकणार शिवाजीरावांच्या मातोश्रींचं! त्यांची मशीन चालवायला माझा भाऊ गेला का?"

खरंच आहे. असंच होणार आहे. मी म्हटलं, "चालू देत. बंद पडून तरी कुणाचं भलं झालंय?"

मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. अक्कांनी शिळेवर शेला परत ओढला. मग म्हणाल्या, "खोटं बोलतो तो."

मी वाद घातला नाही. मलाही त्या "असतं तर"चा आधार होताच की वर्षभर. माझा सुटला म्हणून त्यांचा का ओढून काढू? पण पैसेही सोडले नाहीत. त्यांचे निम्मे परत देते म्हटलं. अक्का म्हणाल्या, "दिलेलं मी परत घेत नाही. तुझं तोंडही बघायचं नाही."

न जेवता निघाले. त्या घरातून उपाशी पहिल्यांदाच.

१४ ऑक्टोबर

मयुरेशचा फोन. "आई, आत्या रो रही है. लोग क्या कहेंगे? बाबांचं नाव पण नाही राहणार?"

"तू आहेस ना? त्यांचं नाव लावतोस ना? मग!"

फोन ठेवला. उगाच आवाज चढवला. पण चढवला.

२८ ऑक्टोबर

सभा. सरळ सांगितलं – पैसे पाण्याला आणि टेक्निशियनच्या पगाराला. पाटी नको. सीटीला माझी सही नाही.

एकदम गलका. "भावनेच्या भरात..." "मेधाबाईंनी भरवलंय." "खुर्ची कृष्णाजीरावांची आहे, त्यांनी असं केलं नसतं." मी म्हटलं, "खुर्चीत मी बसलेय. मला विचारा."

शिवाजीराव मात्र ओरडले नाहीत. म्हणाले, "वहिनीसाहेब, हे हॉस्पिटल पाट्यांवर उभं आहे. उद्या देणगीदार म्हणाला, तिथं पाटी नाही तर इथेही नको, आम्ही नाही देत. मग?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तसंच सांगितलं. आणि पुढे म्हटलं, "पण एकदा चला. तुमच्या आईंचं मशीन बघा."

गेलो. कापड मी बाजूला केलं. "हे यंदाचं कुंकू. त्याखाली गेल्या वर्षीचं. त्याखाली त्याच्या आधीचं. बोट लावून बघा."

त्यांनी लावलं नाही. मला वाटलं, आता चिडणार. आईच्या नावासमोर उभा असलेला माणूस!

मग हळूच, दरबारी आवाज कुठल्या कुठे – "पाणी आलं तर... आईंचं मशीन चालेल?"

मेधा म्हणाली, "सर, रोज चलेगा."

"लिहा," ते म्हणाले. "मंजूर लिहा."

१६ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध. अक्का येतील असं वाटलं नव्हतं. जीप करून आल्या. भटजींशी बोलल्या, माझ्याशी नाही. जाताना दोन माणसांकडून शिळा उतरवून अंगणात ठेववली. "घरात बघवत नाही. तुझ्या सहीनं झालं ना? तूच सांभाळ."

शेला मात्र परत घेऊन गेल्या.

२१ जानेवारी

प्लांट सुरू! टेक्निशियननं अंगठ्यानं बटण दाबलं, कुंकू त्याच्या अंगठ्याला लागलं, त्यानं पँटला पुसलं. मेधा रडली. वेडी.

पहिल्या पेशंटमध्ये कमल. घरून चालत आली! बाहेरच्या बोळात सोबतची माणसं मात्र भिंतीला टेकून उभी. बसायला काही नाही. मेधानं त्यांचे दिवस मोजले होते, बाक कुणीच मोजला नव्हता. मीसुद्धा नाही.

२३ जानेवारी

गवंडी बोलावला. अंगणातली शिळा बोळात नेली. उचलणाऱ्यांवर तोच ओरडत होता, "भिया, धीरे! नाम लिख्यो है!" विटांचे खांब केले, त्यावर शिळा. त्यानं विचारलं, नाव वर करू? म्हटलं, नाही. अक्षरं खाली. वरची बाजू बसायला.

अक्कांना फोन करून सांगितलं. लपवून काही करणार नव्हतेच. "माझ्या भावाच्या नावावर माणसं बसवलीस?" आणि फोन बंद.

२४ जानेवारी

दुपारी बोळात गेले तर बाकावर अक्का! एकट्या, धारहून, न सांगता. भांडायला आल्या असणार. पदर खोचलेला होता. पण मांडीवर कमलची पिशवी होती.

"तिचा नवरा उभा होता इथे," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हटलं, जा तू व्हॅनवर. मी बसते."

मी शेजारी बसले. त्यांचा एक हात पिशवीवर. दुसरा बाकाच्या कडेखालून आत गेलेला. बोटं हळूहळू सरकत होती, एकेका अक्षरावरून.

मग म्हणाल्या, "दगड गार आहे गं. खाली काहीतरी घालायला हवं."

कमल बाहेर येईपर्यंत दोघी तिथंच होतो.

२५ जानेवारी

अक्का मुक्कामाला राहिल्या. सकाळी पोहे केले. जीरावनाची बाटली त्यांच्या ताटलीला टेकवून ठेवली.