बहाव्याला दोन बादल्या

नाचणगाव, ११ फेब्रुवारी १९८२

रूपरावाने आज पुन्हा विषय काढला. अंगणातला बहावा तोडून तिथे धान्याची खोली बांधायची आहे. धाकटा भाऊ असला तरी अर्धे घर त्याचे — बोलून दाखवत नाही, एवढेच. "अकरा वर्षं झाली ताई, एक फूल नाई." खरे आहे. निवृत्त झाले त्या वर्षी बी रुजवले. आळे नीट राखले. भर उन्हाळ्यातही दिवसाआड दोन बादल्या चुकवल्या नाहीत. पाने बारा महिने हिरवीगार, फूल मात्र नाही. अठ्ठावीस वर्षे संस्कृत शिकवले. इतका मठ्ठ विद्यार्थी भेटला नव्हता.

अक्षय तृतीयेपर्यंत मुदत मागून घेतली. मागावी लागली, याचाच शीण अधिक.

१६ फेब्रुवारी

उद्या नागपूर — मोतीबिंदू. मग मावसबहिणीकडे दीड महिना. बहाव्याचे पाणी गोपिकेकडे सोपवले. आमच्याकडे धुणीभांडी करते. माहेर तळेगावचे, संत्र्याच्या बागेतले, म्हणून झाडांविषयी मते फार. वाचता येत नाही, तेव्हा सूचना तीनदा म्हणवून घेतल्या. दुसऱ्यांदा चुकली.

५ एप्रिल

परतले. इतके दिवस लेखन निषिद्ध होते. आजही ओळी वाकड्या जात आहेत. नवा चष्मा यायला पंधरा दिवस. तोवर सारे धुक्यात.

धुक्यातूनही दिसले ते पुरे. बहाव्यावर एक पान नाही. आळे हाताने चाचपले — मातीला भेगा!

गोपिकेने मान खाली घातली नाही. "पाणी मीच तोडलं, बाई. आमच्या इकडे संत्र्याले असाच ताण देतात. झाडाले तहान लागू द्या, मंगच ते फुलते."

हे संत्रे नव्हे, असे सुनावले. आणखीही पुष्कळ सुनावले. अडाणी हा शब्द दोनदा वापरला. उद्यापासून येऊ नकोस म्हटले. दारातून वळून एवढेच म्हणाली, "थोडा दम धरजा, बाई."

९ एप्रिल

वाकण्यास मनाई आहे. उभ्यानेच तांब्या-तांब्याने आळे भरते आहे. काही नाही. थकले.

१८ एप्रिल

मुदतीला आठ दिवस असताना मीच रूपरावाला सांगितले — तोडून टाक. वाळलेल्या झाडाची भीड कसली? कुऱ्हाड हातात घेऊनही तो वर पाहत राहिला. "शेंड्याले काहीतरी लोंबून राह्यलं, ताई." जळमटे असतील, मी म्हणाले. या घरात माझा शब्द कुणी खोडत नाही.

दुपारपर्यंत झाड आडवे झाले. फांद्या विहिरीपाशी, ओल्यात ओढून ठेवल्या आहेत.

२२ एप्रिल

चष्मा आला.

विहिरीपाशी गेले. फांद्यांच्या टोकांना हातभर लांब कळ्यांच्या माळा — मणी मोजता येतील इतक्या स्पष्ट. तीन कळ्या उमलल्या आहेत. पिवळ्या.

गोपिकेला बोलावणे धाडणार होते. धाडले नाही. तिचे घर कुठे, हे आज प्रथमच रूपरावाला विचारले, आणि चपला घातल्या.